हातात सुया, समोर पुस्तक आणि बाजूला तो मोबाईल: विणत विणत वाचायचं कसं

सोलापुरात राहून विणकाम करते म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा, मे महिन्यात पारा ४३ वर आणि ही बाई मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसलेली. त्यात गाव चादरी-टॉवेलचं. आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूमची खटखट दिवसभर चालू असते, तिकडं मागावरनं चादर सरासरा उतरते आणि इकडं माझी टोपी तीन आठवडे झाले तरी कानापर्यंतच आलेली.

पण मला जास्त विचारतात ते वेगळंच, की तू वाचतेस कधी आणि विणतेस कधी. दोन्ही एकदमच. दुपारी एक ते चार उन्हामुळं कुणी येत नाही कुणी जात नाही, दारं-खिडक्या लावून पंख्याखाली पाय पसरून बसायचं, हात चालू, डोळे पुस्तकात. हे जमायला मला सातआठ महिने लागले आणि त्यातले निम्मे फुकट गेले, कारण मी हातात भलतंच काम घेऊन बसायचे. आधी वेण्यांचं डिझाइन घेतलं, मग जाळीचं, मग बाळाची कुंची, आणि दर दोन पानांनी उसवत बसले. म्हणून जे जमलं ते लिहून ठेवते.

आधी एक परीक्षा घ्या स्वतःची. सुईवर २० टाके घाला, चारपाच ओळी बघून विणा आणि मग डोळे मिटून एक ओळ विणा. अर्धी ओळ तरी जमली म्हणजे हातांना काम कळलंय. नाही जमली तर अजून आठवडाभर नुसतं विणा, पुस्तक नको, कान मोकळे आहेत तर रेडिओ लावा, आमच्याकडं आकाशवाणी सोलापूर चालू असतं आणि त्याला बघावं लागत नाही हा मोठाच गुण. डोळे मिटून विणताना डाव्या हाताची तर्जनी सुईच्या टोकाजवळ ठेवायची सवय लावा, पुढचा टाका ती ढकलत आणते आणि तेवढ्यात चाचपूनही घेते. सुलट टाका बोटाला सपाट लागतो, उलट टाक्याचा मणी लागतो. मोदकाची कळी न बघता पडते की नाही, तसंच आहे हे, एकदा बोटांत बसलं की डोळ्यांची गरज फक्त ओळ संपताना.

आता विणायचं काय. वाचताना विणायचं काम असं हवं की ज्यात मोजायला लागत नाही. सगळ्या ओळी सुलट असलेला मफलर चालतो पण त्याचा कंटाळा येतो आणि सोलापुरात मफलर घालणार कोण, आमच्याकडं थंडी म्हणजे पहाटेपुरती. भाच्याला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, न्यायचं म्हणून जानेवारीत मोठ्या हौसेनं माकडटोपी विणली होती, पाळण्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यानं ती काढून माझ्या पर्समध्ये कोंबली. तेव्हापासून मी सुती चौकोनावर आले. हा चौकोन जगभरच्या आज्या विणत आल्यात, कुणा एकाचं डिझाइन नाही, आणि त्यातली खुबी अशी की प्रत्येक ओळ मागच्या ओळीसारखीच, ओळ कितवी हे लक्षात ठेवायचंच नाही.

८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलीमीटरच्या सुईवर ४ टाके घाला. एक ओळ सुलट विणून घ्या. मग दर ओळीला हेच: २ टाके सुलट, धागा दोन सुयांच्या मधनं पुढं आणायचा आणि तसाच पुढचा टाका सुलट विणायचा म्हणजे सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला छान भोकांची रांग पडते. ५० टाके झाले की उतरायला लागायचं, तेव्हा दर ओळीला: १ सुलट, २ टाक्यांचा १, धागा पुढं घेऊन वेढा, परत २ टाक्यांचा १, उरलेले सुलट. दोन कमी एक जास्त, म्हणजे ओळीमागं एक टाका कमी. ४ उरले की बंद करा. वीतभराच्या आसपासचा चौकोन होतो, कोपऱ्यापासनं सुरू झाल्यामुळं तिरका. ओट्यावर, भांडी पुसायला, गरम पातेल्याखाली, कुठंही चालतो. बघायचं काम फक्त ओळीच्या सुरवातीच्या चारपाच टाक्यांना, नंतरची सगळी ओळ पुस्तकाची.

सुताचं जरा सविस्तर सांगते कारण इथं राहायचा खरा फायदा हाच आहे. उन्हाळ्यात अॅक्रिलिकची लोकर घामेजल्या बोटांना चिकटते, सुईवरनं सरकत नाही, चीं चीं आवाज करते, आणि वाचताना टाका सरकला नाही की लय गेली. सूत तसं करत नाही. विणकामाचं तयार सूत चांगलं असतं पण महाग पडतं, आणि मागाचं सूत तर गावात कोनवर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर गुंडाळलेलं, मिळतं. फक्त ते बारीक असतं. काउंट म्हणजे काय ते एकदा समजून घ्या, एका पौंडात ८४० यार्डाच्या जितक्या लडी बसतात तितका काउंट, म्हणजे काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. दोन-वीस म्हणजे २० काउंटचे दोन पदर पिळलेले, जाडीला १० काउंटएवढं, पौंडाला ८४०० यार्ड. मी बसून हिशोब केला, असे ४ धागे एकत्र घेतले की १०० ग्रॅमला साधारण ४२० मीटर पडतात, ते मोज्याच्या लोकरीएवढं होतं आणि १० किंवा ११ नंबरच्या सुईला बरोबर. ८ धागे घेतले की १०० ग्रॅमला २१० मीटर, ते ८ नंबरच्या सुईवर मस्त चालतं, चौकोनाला हेच.

आठ धागे एकत्र करायचे म्हणजे आधी कोनवरनं आठ छोटे गुंडे करायचे, मग आठही टोकं धरून एक मोठा गुंडा. पहिल्यांदा मी ते आठ गुंडे तसेच फरशीवर ठेवले, पंखा चालू, आणि अर्ध्या तासात असा काही गुंता झाला की आमचे हे म्हणाले कात्री आणू का. आता प्रत्येक गुंडा एकेका स्टीलच्या वाटीत ठेवते. घरातल्या सगळ्या वाट्या अडकतात, त्यामुळं हे काम जेवणं झाल्यावर.

आणि गाठ. कोनमध्ये मध्येच धागा तुटलेला निघाला तर मी आधी साधी दुहेरी गाठ मारायचे, ती नेमकी चौकोनाच्या पोटात मण्यासारखी वर यायची. शेजारच्या अक्कांनी बघितलं. त्यांचं सगळं घर पिढ्यान्पिढ्या मागावरचं, घरात तेलुगू बोलतात, बाहेर आपल्यापेक्षा चांगलं मराठी. त्यांनी माझ्या हातातनं दोन्ही टोकं घेतली, डाव्या अंगठ्याखाली फुली धरली, धागा अंगठ्यावरनं एकदा फिरवला, टोक आत सारलं आणि ओढलं. एवढा वेळ मला हे लिहायला लागला त्याच्या निम्म्यात झालं. गाठ नखानं चाचपली तरी लागेना. म्हटलं अक्का, परत दाखवा. "अगं बघू नको, बोटानं शिक" म्हणाल्या आणि माझीच बोटं धरून चार वेळा करून घेतली. विणकरांची गाठ म्हणतात तिला, ही लिहून कळत नाही, तुमच्या ओळखीत मागावर काम केलेलं कुणी असेल तर त्यांच्यासमोर जाऊन बसा. मऊ लोकरीला मात्र ही गाठ नको, तिथं जुना-नवा धागा दोन्ही धरून पाचसहा टाके विणले तरी पुरतं.

रंगीत सूत घेतलंत तर विणायच्या आधी हातभर तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर घासा. मी एका दुकानातनं लालभडक कोन आणला, पांढऱ्याबरोबर पट्टे घातले, पहिल्या धुण्यात सगळा चौकोन गुलाबी. दुकानदार म्हणाला ताई हे मागाचं सूत आहे, विणायला कुणी सांगितलं. आणि सूत आटतं, त्यामुळं नेमक्या मापाचं काही करायचं असेल तर छोटा नमुना विणून, गरम पाण्यात धुवून, वाळवून मगच मोजा. चौकोनाला कोण मोजतंय.

आता पुस्तक. पुस्तक उघडं राहिलं पाहिजे आणि हात लागता कामा नये. मी सुरवातीला उशीवर ठेवून कपड्याचे चिमटे लावले, पण चिमटा पानावर वळ उठवतो आणि पुस्तक हिराचंद नेमचंद वाचनालयातनं आणलेलं असेल तर तसं करायला जीव धजत नाही. शेवटी सासूबाईंचं पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड उचललं. उत्तम. त्यात पुस्तक तिरकं उभं राहतं, दोन्ही बाजूला आपोआप दाब बसतो, मानही मोडत नाही. पान उलटायचं ते ओळ संपल्यावर सुई बदलताना, अधेमध्ये नाही, हा नियम पाळला की टाके गळणं निम्म्यावर येतं. सासूबाईंची अट एकच, सकाळी पोथी, दुपारी तुझी कादंबरी, आणि स्टँडवर चहाचा डाग दिसला तर स्टँड परत.

दिवाळी अंक विणताना वाचायला फार वाईट. बांधणी घट्ट, पानं गुळगुळीत, मधेच जाहिरातींची जाड पानं, स्टँडवर ठेवला की मिटतो. त्याला मी मागनं पाट लावते आणि वरनं एक जाडसर रबर. मोबाईलवर किंवा किंडलवर वाचणाऱ्यांचं सोपं आहे, अक्षर मोठं करून ठेवायचं आणि करंगळीनं टिचकी, पण मला ते मोबाईलवरचं वाचन झेपत नाही, का ते खाली सांगते.

वाचायचं काय यालाही महत्त्व आहे, मला हे उशिरा कळलं. कविता नको, कवितेला हात थांबतात. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, लांबलचक घरगुती कादंबऱ्या, एकदा वाचून झालेलं परत, हे सगळं चालतं. रहस्यकथेपासून सावध. मी लेकीच्या स्वेटरची एक बाही निवांत प्रवासवर्णन वाचत विणली आणि दुसरी बाही एका खुनाच्या भानगडीत. दोन्हीला टाके ६०, सुई तीच, लोकर तीच. शिवायला घेतलं तर दुसरी बाही अरुंद! मोजलं तेव्हा पहिल्या बाहीत १० सेंटीमीटरला २२ टाके आणि दुसरीत २४, कारण खुनी कोण हे कळेपर्यंत मी धागा आवळत बसले होते. दोन टाक्यांचा फरक दिसायला किरकोळ, पण ६० टाक्यांवर एक बाही २७ सेंटीमीटरची होते आणि दुसरी २५ ची. लेक म्हणाली एक हात बारीक करू का. तेव्हापासून अंगात घालायच्या कपड्याला शांत पुस्तक, चौकोनाला खून चालतो.

चुका होणारच, त्यांची तयारी आधीच करून ठेवा. मांडीजवळ एक क्रोशाची सुई हवी, टाका गळला की त्याखालच्या आडव्या धाग्यांच्या पायऱ्या दिसतात, खालनं एकेक पायरी टाक्यातनं ओढत वर यायचं. घाबरून कापड ओढू नका, ओढलं की टाका अजून खाली पळतो. काम जरा नाजूक असेल तर दर १५-२० ओळींनी शिवायच्या सुईत वेगळ्या रंगाचा पातळ दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधनं घालून ठेवा. पुढं काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, त्याखाली एक टाका हलत नाही. ओळी मोजायच्या असतील तर सगळ्या सुलट विणीत प्रत्येक उभारलेली रेघ म्हणजे दोन ओळी, पाच रेघांना एक सेफ्टी पिन अडकवली की दहा झाल्या. खुणेच्या रिंगा विकत घ्यायची गरज नाही, जाड स्ट्रॉचे कात्रीनं गोल तुकडे करा, झालं.

आणि आता तो मोबाईल. विणकामाच्या नादातच मी ऑनलाइन आले हे कबूल करते, आईला टाके घालायची एकच पद्धत यायची, मी व्हिडिओ बघून पाच शिकले. पण पॅटर्न बघायला म्हणून मोबाईल उचलायचा, आणि अर्ध्या तासानं कळतं की आपण कुठल्यातरी परदेशी बाईचं लोकरीचं कपाट बघत बसलोय, सुया तशाच, पुस्तक तसंच. सेव्ह केलेले रील मोजले एकदा, तीनशेच्या वर होते आणि त्यातलं मी विणलेलं काय तर दोन टोप्या आणि एक अर्धवट पिशवी. म्हणून माझ्याकडं पॅटर्न कागदावर. व्हिडिओ एकदा बघायचा, वेग अर्धा करून, जिथं अडतं तिथं थांबवून, आणि आपल्या भाषेत वहीत चार ओळी लिहायच्या. मग मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. व्हिडिओतली बाई धागा डाव्या हातात धरत असेल तर गोंधळू नका, ती तिकडची एक पद्धत आहे, आपल्याकडं बहुतेकींचा धागा उजव्या हातात असतो, टाका शेवटी तोच होतो.

पॅटर्न उतरवून घेताना सगळ्यात मोठा खड्डा सुईच्या नंबरचा. आपल्याकडच्या सुयांवर जुना ब्रिटिश नंबर असतो, त्यात नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबर बरोबर उलटा, वाढला की जाड. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, त्यांची ८ म्हणजे ५. आपली १० म्हणजे सव्वातीन, त्यांची १० म्हणजे तब्बल ६. मी पहिल्यांदा अमेरिकन पॅटर्नची टोपी आपल्या ८ नंबरवर विणली, ती नारळाला बसली असती. त्यामुळं नंबर वाचायचाच नाही, मिलीमीटर शोधायचे, ते दिले नसतील तर पॅटर्न सोडून द्यायचा. क्रोशाचंही तसंच, अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल ते ब्रिटिश ट्रेबल. वर कुठली पद्धत ते लिहिलेलं असतं, ते न वाचता सुरू केलंत तर रुमालाचा टेबलक्लॉथ होईल.

हल्ली अजून एक भानगड, कॉम्प्युटरनं बनवलेले फोटो. लोकरीचा मोर, पिसं बिसं सगळी, खाली पॅटर्न विकायला. फोटो मोठा करून टाके बघा, टाक्यांच्या ओळी मधेच कुठंतरी विरघळतात आणि धागा कुठनं कुठं जातो ते कळत नाही. पैसे द्यायच्या आधी बघायचं ते हे: १० सेंटीमीटरला टाके किती ते दिलंय का, लोकर किती मीटर लागते ते दिलंय का, आणि दुसऱ्या कुणी ते विणून फोटो टाकलाय का. या शेवटच्यासाठी रॅव्हेलरी चांगली, २००७ पासूनची साइट आहे, खातं फुकट, एकेका पॅटर्नखाली लोकांनी विणलेले खरेखुरे फोटो असतात, वाकडे, पिवळ्या ट्यूबलाइटमधले. तेच उपयोगाचे.

जाळीचं किंवा रंगाचं काम असेल तेव्हा पुस्तक बंद. त्याला कानांनी वाचायचं. स्टोरीटेलवर २०१७ पासून मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, वाचणारा बरा असेल तर दोन तास कळत नाहीत, वेग मात्र वाढवू नका, हातही पळायला लागतात. पुण्याला लेकीकडं जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मी हेच करते, सोलापूर ते कुर्डुवाडी टोपीची एक सुलट एक उलट पट्टी, मग दौंडपर्यंत साधं, कानात गोष्ट. शेजारी बसलेल्या बायका हमखास विचारतात किती नंबरची सुई, गोष्ट बंद करून गप्पा, आणि मग ते पुस्तक येताना परत मागं नेऊन ऐकायचं. लांब सुयांनी शेजारणीच्या कुशीत खुपसतं, प्रवासात गोल वायरची सुई घ्या, टाके वायरवर ढकलले की उठून चहा घेता येतो.

चौकोन झाला की शेवटचं काम टोकं लपवायचं, ते वाचता वाचता होत नाही, त्याला चष्मा लागतो. मोठ्या नाकाच्या सुईत टोक ओवून मागच्या बाजूच्या मण्यांमधनं एकदा इकडं एकदा तिकडं, वीतभर नको, चार बोटं पुरे. मग कोमट पाण्यात धुवून, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, टॉवेलची कमतरता या गावात नाहीच, आणि सपाट ठेवून चारी कोपरे ओढून सावलीत वाळवायचा. उन्हात रंग जातो.

माझा पहिला बिनचुकीचा चौकोन, अडीचशे पानांच्या कादंबरीत झालेला, मी अक्कांना दिला. त्यांनी उलटापालटा करून बघितला, काठाची भोकं बोटानं मोजली, माझी गाठ शोधली, सापडली नाही तेव्हा मान हलवली. आणि त्यानं गॅसवरचा तवा उचलला. "छोटा आहे गं," म्हणाल्या, "दोन कर म्हणजे दोन्ही हाताला होतील." दुसरा चालू आहे, एकशे चाळिसाव्या पानावर.